पाणी अडवलंत, आता उपशाचंही ठरवा

प्रति,
पर्जन्यछायेतल्या, काळ्या खडकावर वसलेल्या गावांच्या सर्व ग्रामसभा
(सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि सभेला येऊन मागच्या रांगेत गप्प बसणारे सगळे)

सप्रेम नमस्कार.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवावा, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहोत. विषय असा: 'रब्बीच्या पेरणीआधी गावच्या भूजलाचा ताळेबंद आणि उपशाची मर्यादा'. एरवी गावात पाण्याचा विषय निघतो तो एप्रिल-मेमध्ये. तोवर हरभरा निघालेला असतो, ऊस उभा असतो, विहिरीचा तळ दिसत असतो आणि टँकरच्या प्रस्तावावर सही करण्यापलीकडे सभेच्या हातात काही उरत नाही. पाणी वाटायचं तर ते विहिरीत असतानाच वाटायला हवं.

आपल्या गावांनी काम कमी केलेलं नाही. जलयुक्त शिवार झालं, २०१६ ते २०१९ या काळात उन्हाळे श्रमदानात गेले, समतल चर खोदले, बांध घातले, नाले खोल केले. ही सगळी कामं जमेच्या बाजूची. खर्चाची बाजू मात्र कुणी लिहिलीच नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत नेमकी चूक इथेच आहे, म्हणून ती भाषा थोडी वापरतो.

गावचा रस्त्यावरचा दिवा घ्या. त्याखाली एक जण बसून वाचला काय आणि दहा जण वाचले काय, उजेड तेवढाच राहतो. शिवाय वर्गणी न देणाऱ्यासाठी तो विझवता येत नाही. अशी वस्तू म्हणजे सार्वजनिक वस्तू. चर आणि बांध यांची जात तीच. त्यात जिरलेलं पाणी श्रमदानाला न आलेल्याच्या विहिरीतही पाझरतं, त्याला वगळायची सोय निसर्गात नाही. म्हणून कुदळ घ्यायला पन्नास जण येतात आणि बाकीचे पारावरून बघतात. त्यांना आळशी म्हणून उपयोग नाही. फायदा मिळणारच असेल तर घाम कशाला गाळायचा, हा हिशेब त्यांना बरोबर जमलेला असतो. हे कोडं सरकारी पैशाने किंवा गावच्या ईर्ष्येने सुटतं, आणि बऱ्याच गावांत ते सुटलंही.

पण जिरलेलं पाणी दिव्यासारखं नाही. ते कुणाला अडवता येत नाही हे खरं, पण एकाने उपसलं की दुसऱ्याला तेवढं कमी. अडवता न येणारी आणि वापराने संपणारी, अशी ही सामायिक साठ्याची वस्तू. गायरान तसंच, तळ्यातले मासे तसेच. तेव्हा होतं असं की सगळ्या गावाने मिळून सार्वजनिक वस्तू उभी करायची, तिच्यातून सामायिक साठा वाढायचा आणि ज्याचं बोअर सर्वांत खोल त्याने तो खाजगी करून टाकायचा. श्रमदान समान, उपसा मात्र ऐपतीप्रमाणे.

हे आमच्या कल्पनेतलं नाही, खडकाचं गणित आहे. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर आहे. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाणी मावतं, आपल्याकडे ते फक्त मुरमात, मांजऱ्या (छिद्राळ) खडकात आणि भेगांत मावतं. बेसाल्टमध्ये शंभर घनमीटर खडक रिकामा झाला की त्यातून पाणी निघतं साधारण दोन घनमीटर. यालाच विशिष्ट उत्पादकता दोन टक्के म्हणतात. हा दोनचा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी भांडणं त्यात आहेत.

पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला वर्षभरात ढोबळमानाने २०,००० घनमीटर पाणी लागतं. ते भूजलातून काढलं तर पातळी किती उतरेल? १०० हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली की १०० × १०,००० × १ × ०.०२, म्हणजे नेमके २०,००० घनमीटर निघतात. अडीच एकर उसासाठी अडीचशे एकरांखालचं पाणी एक मीटरने खाली गेलं. पाटाने दिलेल्यातलं काही परत जिरतं, ते चौथा हिस्सा धरलं तरी पाऊण मीटर कुठे गेलं नाही. उसाची पट्टी एकाच्या खात्यावर जमा होते, पण उतरलेली पाऊण मीटर शेजारच्या चाळीस-पन्नास खातेदारांत वाटली जाते आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही. व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या अशा खर्चाला बाह्य परिणाम म्हणतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच म्हणून ठेवलंय की असा खर्च करणाऱ्याला सोसावा लागत नाही, म्हणून तो हवं त्यापेक्षा जास्त करतो. बांधावरच्या भांडणात आपण हेच म्हणतो, फक्त जरा वेगळ्या शब्दांत.

शेजाऱ्याचं नुकसान किती, हेही मोजता येतं. ५ एचपीच्या मोटारीतली ४० टक्के ताकद प्रत्यक्ष पाण्यापर्यंत पोचते असं धरू. ६० मीटरवरून ती ताशी सुमारे ९,००० लिटर उचलते. पातळी १०० मीटरवर गेली की तीच मोटार ताशी ५,५०० लिटरवर येते. आठ तासांच्या विजेत आधी ७२ हजार लिटर मिळत होते, आता ४४ हजार. मोटार तीच, वीज तेवढीच, शेतही तेच. तो शेतकरी मोटार जळाली, पाइप गळतो, रिवायंडिंग नीट झालं नाही अशी कारणं शोधत बसतो. मग साडेसातची मोटार बसवतो, शंभर फूट पाइप वाढवतो, आणि त्याच्या शेजाऱ्यावर हीच वेळ आणतो.

बोअरचा आणखी एक तोटा आहे, त्याची चर्चा फार कमी होते. आपल्याकडे केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, टाकतात तो मऊ मुरमापुरता, वीस-चाळीस फूट. त्याखालचं भोक उघडंच. वरचा पाण्याचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये घट्ट पाषाण असतो, कधी लाल मातीचा पट्टा असतो. ५०० फुटांचं बोअर हे दोन्ही थर जोडून टाकतं. मग उघड्या विहिरींना पाजणारं वरचं पाणी त्या भोकातून खाली गळत राहतं, मोटार बंद असतानाही. बोअर कोरडं गेलं तरी गळती चालूच राहते. म्हणून फेल गेलेलं बोअर नुसता दगड ठेवून सोडू नका, बेंटोनाइट माती किंवा सिमेंटचं मिश्रण भरून बुजवून घ्या. लहान मूल पडण्याचा धोका टळतो तो वेगळाच.

विजेबद्दल थोडक्यात. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर उचलायला साधारण ०.७ युनिट लागतं. मीटरप्रमाणे बिल असतं तर खोलवर जाण्याला आपोआप लगाम बसला असता. एचपीवर ठरलेल्या बिलात तो नव्हता. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत झाली, आणि सौर पंप ज्याच्याकडे आहे त्याला ऊन फुकटच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा उतरला याला आमचा विरोध नाही. पण पुढच्या तासाभराच्या उपशाची किंमत शून्य झाली की मोटार बंद करायला विहीर आटण्याशिवाय दुसरं कारण राहत नाही. पंजाबने २०१८ मध्ये काही भागांत उलटा प्रयोग केला: ठरलेल्या कोट्यातली जेवढी वीज वाचेल तिचे युनिटमागे ४ रुपये शेतकऱ्याला. गुजरातने २००३ पासून शेतीचे फीडर (वीजवाहिन्या) वेगळे काढून तास बांधून दिले. वीज ग्रामसभेच्या हातात नाही, म्हणून या वाटेवर फार रेंगाळत नाही. आपल्या हातात पीक आहे, तास आहेत आणि अंतर आहे.

शेततळ्याचं मात्र बोलायला हवं, कारण त्यात सार्वजनिक पैसा आहे. पावसाचं वाहतं पाणी धरणारं तळं ही चांगली गोष्ट. पण प्लास्टिक अंथरून, डिसेंबरात बोअरच्या पाण्याने भरलेलं तळं म्हणजे सामायिक साठ्यातून काढून स्वतःच्या कणगीत भरलेलं धान्य. ३० × ३० × ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर मावतं. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या तळ्यावरून दिवसाला सात हजार लिटर हवेत जातात. जमिनीखाली तेच पाणी सावलीत होतं. ते वर आणून उन्हात ठेवायचं एकच कारण असतं: मी नाही काढलं तर शेजारी काढेल. त्या एका माणसाला वेड्यात काढता येणार नाही, नियमच नसेल तर तो शहाणपणाने वागतोय.

आता ताळेबंद. हा अवघड आहे असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात, म्हणजे दहा लाख लिटर. एवढ्यावर भागतं.

समजा गावचं क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. पडलं ५,००० टीसीएम. इथेच पहिली चूक होते. एवढं पाणी पाहून सभेतला कुणीतरी म्हणतो, मग कमी कुठे आहे? पण यातलं बहुतेक वाहून जातं, उडून जातं आणि खरिपाची पिकं पितात. भूजलात किती उतरतं याचे भूजल अंदाज समितीचे आकडे आहेत: विदीर्ण, मुरमाड बेसाल्टमध्ये पावसाच्या ७ टक्के, मांजऱ्या आणि सांधे असलेल्या खडकात १३, अखंड काळ्या पाषाणात जेमतेम १ ते २. गावात तिन्ही असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या पाणलोटाचा नकाशा मागून घ्या आणि क्षेत्राप्रमाणे वाटणी करा. आपण इथे सरसकट ७ धरू: ३५० टीसीएम. बांध-तलावांची एकूण क्षमता ६० टीसीएम आणि ते हंगामात दीड वेळा भरले, तर ९० टीसीएम आलं, त्यातलं निम्मं जिरलं: ४५. झाले ३९५. यातलं दहा टक्के नाल्यांना, ओढ्यांना आपोआप झिरपून जातं, ते आपलं नाही. उरले ३५५.

आता खर्च. माणसं १,५००, दरडोई ५५ लिटर (जलजीवन मिशनचं प्रमाण हेच आहे): वर्षाला ३० टीसीएम. मोठी जनावरं ५००, दिवसाला ५० लिटर: ९ टीसीएम. शेळ्या-मेंढ्या ६००, ८ लिटर: पावणेदोन. असे ४१ टीसीएम पहिल्यांदा बाजूला. हे पाणी वाटपात येतच नाही. ते कुठल्या विहिरीतून घेणार, हेही त्याच ओळीत लिहून ठेवा. कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बऱ्याचदा सह्यांपुरती उरकली जाते. हा आकडा आणि ही विहीर त्या सभेत ठरवा, कारण हंडा कुणाच्या डोक्यावर येतो ते त्यांना माहीत असतं.

शेतीला राहिले ३१४ टीसीएम. हरभऱ्याला दोन-तीन पाण्यांत हेक्टरी १,५०० घनमीटर धरलं तर यात २०९ हेक्टर भिजतो. गव्हाला ४,००० धरलं तर ७८ हेक्टर. उसाला २०,००० धरलं तर पंधरा-सोळा हेक्टर, म्हणजे एकोणचाळीस एकर. पाणी तेच. ५२० एकर हरभरा किंवा ३९ एकर ऊस. गावातल्या किती खात्यांवर ते पोचतं, हे फळ्यावर लिहिलं की सभा अर्धा तास आपणहून बोलते. आमचा अनुभव नाही सांगत, पण त्या अर्ध्या तासात अध्यक्षांनी मध्ये बोलू नये.

हिशेब जुळला का हे विहिरींना विचारायचं. राज्याच्या यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आसपास आहेत आणि गावं चाळीस हजारांवर, तेव्हा आपली मोजणी आपणच करायला हवी. पाणलोटाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात दोन-दोन अशा सहा उघड्या विहिरी निवडा. कठड्यावर ऑइलपेंटचा लाल ठिपका द्या आणि कायम त्याच ठिपक्यापासून मोजा. जमिनीपासून कठड्याची उंची वजा करायची विसरू नका. मोजायचं पहाटे, मोटार किमान बारा तास बंद असताना. चालत्या मोटारीत घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, मोटारीचा असतो. यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. गावाने महिन्यातून दोनदा मोजावं. उपशाला लाखाचं मीटर लागत नाही: २०० लिटरचं पिंप भरायला ८० सेकंद लागले तर ताशी ९,००० लिटर. त्याला तासांनी आणि दिवसांनी गुणा. पर्जन्यमापक पंचायतीच्या गच्चीवर टाकीच्या आडोशाला नको. मोकळ्या जागी हवा, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. रविवारी नोंद राहिली तर सोमवारच्या आकड्यात दोन दिवसांचा पाऊस मिसळतो, तेव्हा वहीत तसं लिहा.

ही माहिती म्हणजे खरी सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वाचली तर दुसऱ्याला कमी पडत नाही. म्हणून ती वहीत नको, चावडीच्या भिंतीवर हवी. आणि दिव्यासारखीच ती आपोआप कुणी लावणार नाही. मोजणाऱ्याला पंचायतीने महिन्याचं मानधन द्यावं. फुकटच्या उत्साहावर मोजणी दुसऱ्या वर्षी बंद पडते.

नियम कसे फसतात, तेही सांगतो. सगळ्यांना सुचणारा पहिला नियम म्हणजे नवीन बोअरला बंदी. ठराव पुढच्या महिन्यात येणार अशी कुणकुण लागली की रात्रीत चार गाड्या गावात उभ्या राहतात. समजा तेही टळलं. तरी बंदीने आधी बोअर मारलेले कायमचे मालक होतात आणि कालपरवा वाटणी झालेला धाकटा भाऊ कायमचा कोरडवाहू. म्हणून एकट्या बोअरबंदीवर थांबू नका. कुटुंबामागे बारमाही पिकाची कमाल मर्यादा आणि उपशाचे तास यांच्याशी ती जोडा. दुसरा लाडका उपाय ठिबक. ठिबकने एकरी पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला तर उपसा तेवढाच राहतो, वर पाटाच्या पाण्यातलं जे परत जिरत होतं तेही थांबतं. ठिबक मर्यादेनंतरचा उपाय आहे, मर्यादेऐवजीचा नाही. नाला खोलीकरणाचंही तसंच. पोकलेन चालली म्हणून पाषाण फोडत खाली गेलात तर दोन्ही काठच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं. पावसाळ्यात नाला भरलेला दिसतो, फोटो छान येतो, आणि जानेवारीत वरच्या विहिरी आधी आटतात.

उलट, हेतू आणि फायदा नीट जोडला की काम कसं होतं याचा नमुना आपल्याकडेच आहे. तलावातला गाळ काढणं हे कुणाचंच काम नव्हतं. २०१७ पासूनच्या गाळयुक्त शिवार योजनेत गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने स्वतः केला, कारण गाळ त्याच्या रानात पडणार होता. तलावाची क्षमता वाढली ती सगळ्यांची. खाजगी फायद्याच्या गाडीला सार्वजनिक वस्तू जोडून दिली. असे जोड जिथे सापडतात तिथे सक्तीची गरज पडत नाही. उपशाला मात्र असा जोड सापडत नाही, म्हणून तिथे नियम.

नियम परक्या पुस्तकातून आणायचे नाहीत. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड बागायत काही शतकं चालली; फड म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचा गट. फडाफडाने पीक ठरलेलं, ऊस या फडातून त्या फडात फिरणारा, पाणी सोडणारा पाटकरी, वर हवालदार, राखणीला जागल्या, आणि त्यांचं मोल लाभधारकच देणार. पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीप्रमाणे नव्हतं, माणशी अर्ध्या एकरापुरतं होतं, भूमिहीनालाही वाटा होता आणि त्या पाण्यावर ऊस चालत नव्हता. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवलं, ऊस-केळी टाळली आणि पाऊस मोजून पीक ठरवायची शिस्त लावून घेतली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक साठ्यांच्या अभ्यासासाठी. त्यांचा पीएचडीचा प्रबंधही कॅलिफोर्नियातल्या भूजलावरच होता. जिथे वापरणारेच मोजतात, वापरणारेच नियम करतात आणि चुकणाऱ्याला आधी हलका, मग जड दंड होतो, तिथे साठा टिकतो असं त्यांनी दाखवलं. पाटकरी आणि हवालदार यांना हे आधीच माहीत होतं.

कायद्याची बाजू. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपण मानत आलो की माझ्या जमिनीखालचं पाणी माझं. खडकातल्या भेगा सातबारा वाचत नाहीत. राज्याच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला आडकाठी केली. नंतरच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि शेती-उद्योगासाठी ती रोखण्याची, विहिरींच्या नोंदणीची, अधिसूचित क्षेत्रात पीक आराखड्याची तरतूद आहे. मात्र ही अंमलबजावणी राज्य प्राधिकरण आणि पाणलोट समित्यांच्या हाताची. ग्रामसभेचा ठराव मुख्यतः संमतीवर चालतो, हे गृहीत धरूनच दंड ठरवा. ठराव मोडणाऱ्याचे दाखले किंवा रेशन अडवू नका, ते बेकायदेशीर आहे आणि एका अर्जात सगळा ठराव बदनाम होतो. पहिल्यांदा भिंतीवर नाव आणि तास. दुसऱ्यांदा गावच्या पाणी निधीत रक्कम. तिसऱ्यांदा सभेसमोर. एवढ्याने बहुतेक जण थांबतात, कारण शेजारीही थांबलाय हे त्यांना भिंतीवर दिसत असतं.

नाही ठरवलं तर बिल कुठे जातं, हे एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. गावात याचंच छोटं रूप म्हणजे विहीर अधिग्रहण. ज्याच्या बोअरमुळे गावची विहीर आटली, त्याचंच बोअर मेमध्ये भाड्याने घ्यायचं आणि भाडं सरकारने भरायचं.

ठरावाचा मसुदा सोबत देतो. आकडे आपले घाला.

'या वर्षी गावात पाऊस ___ मिमी. भूजलाची जमा ___ टीसीएम. पिण्यासाठी व जनावरांसाठी राखीव ___ टीसीएम, स्रोत ___ ची विहीर. तिच्यापासून ५०० मीटरच्या आतल्या मोटारी १ फेब्रुवारीपासून दिवसाला ___ तासच चालतील आणि त्याची भरपाई पाणी निधीतून दिली जाईल. शेतीसाठी शिल्लक ___ टीसीएम. त्यानुसार रब्बीचं क्षेत्र: ज्वारी ___, हरभरा ___, गहू ___, कांदा ___ हेक्टर. बारमाही पीक कुटुंबामागे कमाल ___ गुंठे. बोअरच्या पाण्याने शेततळं भरलं जाणार नाही. ६० मीटरच्या पुढे बोअर घेतलं जाणार नाही. फेल बोअर ___ तारखेपर्यंत बुजवले जातील. सहा निरीक्षण विहिरींची पातळी दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला चावडीवर लिहिली जाईल. जानेवारीची पातळी अंदाजापेक्षा एक मीटरने खाली असल्यास २६ जानेवारीच्या सभेत उन्हाळी पीक रद्द करण्याचा विषय घेतला जाईल. हा ठराव आजपासून लागू.'

शेवटचं वाक्य तसंच ठेवा, पुढची तारीख घालू नका, बोअरच्या गाड्यांचं कारण वर दिलंच आहे. आणि सूचक शक्य तो गावातला मोठा बागायतदार असावा, अनुमोदक कोरडवाहू. उलट झालं तर ठराव मंजूर होतो, पण मोटारी बंद होत नाहीत.

आपले,
भूजलाचा आणि त्याच्या अर्थकारणाचा हिशेब मांडणारे काही अभ्यासक